रंग गेला, पण कसा गेला?
अल्केन आणि अल्कीन हॅलोजनशी वेगळे का वागतात



विज्ञान विभागाच्या पानावर आम्ही एरवी एखाद्या शोधाची किंवा शास्त्रज्ञाची माहिती देतो. या वेळी सुरुवात एका चुकीपासून करीत आहोत, आणि ती चूक आमची स्वतःची आहे.

डिसेंबरातील गोष्ट. अकरावीचे प्रात्यक्षिक चालू होते. प्रयोग नेहमीचाच. दोन परीक्षानळ्या घ्यायच्या. ‘अ’ नळीत हेक्झेन, म्हणजे अल्केन. ‘ब’ नळीत हेक्झीन, म्हणजे अल्कीन. दोन्हींत ब्रोमीनच्या पातळ द्रावणाचे चार-चार थेंब टाकायचे आणि हलवायचे. ‘ब’ नळीतील नारिंगी रंग तत्काळ नाहीसा होतो, ‘अ’ नळीतील तसाच राहतो. अनुमान ठरलेले: रंग गेला, म्हणून पदार्थ असंपृक्त. वर्षानुवर्षे प्रयोगवह्यांत हेच वाक्य लिहिले जाते आणि आम्हीही त्यावर डोळे मिटून सही करीत आलो आहोत.

त्या दिवशी खिडकीजवळच्या टेबलावर काम करणाऱ्या एका मुलीने मात्र वहीत लिहिले, “अ नळीतील रंग लगेच गेला नाही, पण सुमारे दहा मिनिटांनी तोही गेला.” आम्ही तिथे तांबडी रेघ मारली आणि गुण कापले. दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन आली. म्हणाली, “बाई, मी दोनदा पाहिलं. रंग खरंच गेला. मग मी पुस्तकातलं लिहू का मला दिसलं ते लिहू?”

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. म्हणून शाळा सुटल्यावर आम्ही तो प्रयोग पुन्हा मांडला. ब्रोमीनचे द्रावण पाण्यातले न घेता डायक्लोरोमिथेन या द्रावकातले घेतले. त्याचे कारण पुढे येईलच. हेक्झेनच्या दोन नळ्या भरल्या. एक काळ्या कागदात गुंडाळून कपाटात ठेवली, दुसरी उन्हाच्या खिडकीत. अर्ध्या तासाने कपाटातील नळी होती तशीच नारिंगी निघाली. खिडकीतील नळी मात्र पाण्यासारखी स्वच्छ झाली होती. तिच्या तोंडाशी ओला निळा लिटमस कागद धरला, तो तांबडा झाला. अमोनियाच्या द्रावणात बुडवलेली काचकांडी जवळ नेली, तर पांढरा धूर दिसू लागला. मग हेक्झीनची नळी तपासली. तिचा रंग तर पहिल्या क्षणीच गेला होता, पण तिच्या तोंडाशी निळा लिटमस निळाच राहिला आणि धूरही निघाला नाही.

म्हणजे रंग दोन्हींकडे गेला. एकीकडे तो जाताना आम्ल वायू तयार झाला, दुसरीकडे झाला नाही. त्या मुलीचे निरीक्षण बरोबर होते, आमची तांबडी रेघ चूक होती. तिचे गुण आम्ही त्याच दिवशी परत दिले. पण एवढ्यावर थांबलो असतो, तर पुढच्या वर्षी तीच चूक पुन्हा झाली असती. म्हणून हा लेख.

आपल्या मुलांची आणखी एक अडचण आहे. घरात मराठी, बाजारात गुजराती आणि अकरावी-बारावीला बहुतेकांच्या हाती इंग्रजी पुस्तके. ‘सबस्टिट्यूशन’ आणि ‘ॲडिशन’ हे शब्द पाठ होतात, अर्थ मात्र निसटतो. मराठीत पहिल्याला प्रतियोजन म्हणतात आणि दुसऱ्याला समावेशन. एकाच्या जागी दुसरा येणे म्हणजे प्रतियोजन. कोणालाही न उठवता सामावून घेणे म्हणजे समावेशन. सारा लेख या दोन शब्दांत आहे म्हटले तरी चालेल.

दोघांची घडण

कार्बनच्या प्रत्येक अणूला चार हात आहेत असे समजू. अल्केनमध्ये शेजारी-शेजारी असलेले कार्बन एकमेकांचा एकेक हातच धरतात आणि उरलेल्या हातांनी हायड्रोजन धरतात. कोणाचाही हात मोकळा नाही, कोणी कोणाला दोन हातांनी धरलेले नाही. म्हणून अल्केनला संपृक्त, म्हणजे पूर्ण भरलेले, म्हणतात. हेक्झेनमध्ये ६ कार्बन आणि १४ हायड्रोजन असतात.

अल्कीनमध्ये मात्र एका ठिकाणी दोन कार्बन एकमेकांना दोन्ही हातांनी धरून उभे असतात. फुगडी घालणाऱ्या दोन मुलींसारखे. हा झाला दुहेरी बंध. हेक्झीनमध्ये कार्बन ६च, पण हायड्रोजन १२. दोन हायड्रोजन कमी, कारण त्यांना धरणारे हात फुगडीत गुंतलेले आहेत.

फुगडीच्या दोन्ही पकडी सारख्याच घट्ट नसतात. कार्बन-कार्बन एकेरी बंध तोडायला दर मोलला साधारण ३५० किलोज्यूल ऊर्जा लागते. दुहेरी बंध पूर्ण तोडायला ६१०च्या आसपास. म्हणजे दुसऱ्या पकडीच्या वाट्याला सुमारे २६०च आले. ही दुसरी पकड तुलनेने सैल असते आणि तिचे इलेक्ट्रॉन दोन कार्बनच्या सरळ रेषेत नसून तिच्या वर आणि खाली पसरलेले असतात. बाहेरून येणाऱ्याला ते सहज दिसतात, सहज सापडतात. अल्केनमध्ये असे उघड्यावर काहीच नसते.

पहिली नळी: कोणाला तरी उठवावे लागते

भरलेल्या पंगतीची कल्पना करा. सगळे पाट भरलेले आहेत. उशिरा आलेल्या पाहुण्याला बसवायचे तर आधी कोणाला तरी उठवावे लागेल. अल्केनची स्थिती हीच असते. हॅलोजनचा अणू आत यायचा असेल तर एका हायड्रोजनला बाहेर पडावे लागते.

मिथेन हे सर्वांत साधे उदाहरण घेऊ.

मिथेन + क्लोरीन → क्लोरोमिथेन + हायड्रोजन क्लोराइड

उजवीकडे दोन पदार्थ आहेत, हे नीट पाहा. क्लोरीनच्या रेणूत दोन अणू असतात. एक मिथेनमध्ये बसला, दुसरा उठवलेल्या हायड्रोजनला घेऊन बाहेर पडला. तोच हायड्रोजन क्लोराइड वायू. आमच्या नळीत ब्रोमीन होते, म्हणून हायड्रोजन ब्रोमाइड निघाला आणि त्याने लिटमस तांबडा केला.

ही अभिक्रिया अंधारात, नेहमीच्या तापमानाला का होत नाही? कारण क्लोरीनचा अखंड रेणू मिथेनचे काहीही वाकडे करू शकत नाही. आधी त्या रेणूचे दोन तुकडे व्हावे लागतात आणि त्यासाठी दर मोलला २४२ किलोज्यूल ऊर्जा हवी. ती प्रकाशातून मिळते, नाहीतर भरपूर उष्णता द्यावी लागते. पुस्तकात बहुधा ‘अतिनील किरण’ असे लिहिलेले असते. त्यामुळे खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाने काही होणार नाही असे वाटते. पण क्लोरीनला निळ्या-जांभळ्या प्रकाशातील ऊर्जाही पुरते. ब्रोमीनचा बंध तर आणखी सैल, १९३ किलोज्यूलचा. त्याला साधे ऊन पुरेसे होते. आमच्या प्रयोगशाळेत खिडकीजवळ एक आणि भिंतीजवळ दुसराच निष्कर्ष का आला, ते आता लक्षात येईल.

सुटे झालेले हे क्लोरीनचे अणू फार अस्वस्थ असतात. त्यांच्यापाशी एक इलेक्ट्रॉन एकटा उरलेला असतो. अशा कणाला मुक्त मूलक म्हणतात. पुढे काय घडते ते तीन टप्प्यांत पाहू.

पहिला टप्पा, आरंभ. प्रकाशामुळे क्लोरीनचा रेणू फुटतो आणि दोन क्लोरीन मूलके होतात.

दुसरा टप्पा, प्रसार. क्लोरीन मूलक मिथेनचा एक हायड्रोजन ओढून घेते. हायड्रोजन क्लोराइड तयार होतो आणि मिथिल मूलक उघडे पडते. ते क्लोरीनच्या दुसऱ्या रेणूवर झडप घालते आणि क्लोरोमिथेन बनते. पण त्यात क्लोरीनचा एक नवा सुटा अणू तयार होतो, आणि तो पुन्हा पुढच्या मिथेनकडे धावतो.

तिसरा टप्पा, समाप्ती. दोन मूलके एकमेकांना भेटली की त्यांचे इलेक्ट्रॉन जोडीला लागतात आणि साखळी तिथे तुटते.

प्रकाशाने एकदा ठिणगी टाकली की साखळी हजारो फेरे घेऊ शकते. दिवाळीतल्या फटाक्यांच्या माळेसारखी. म्हणूनच क्लोरीन आणि मिथेन यांचे मिश्रण तीव्र उन्हात ठेवले तर स्फोटही होऊ शकतो.

या अभिक्रियेत आणखी एक गोम आहे. एक हायड्रोजन उठला म्हणून क्लोरीन तिथेच थांबत नाही. क्लोरोमिथेनमध्येही तीन हायड्रोजन शिल्लक असतात. त्यांतला दुसरा उठला की डायक्लोरोमिथेन, तिसरा उठला की क्लोरोफॉर्म, चौथा उठला की कार्बन टेट्राक्लोराइड. त्यामुळे हाती येते ते चार पदार्थांचे मिश्रण. एकच पदार्थ हवा असेल तर ऊर्ध्वपातनाने ते वेगळे करत बसावे लागते. आम्ही प्रयोगात द्रावक म्हणून वापरलेले डायक्लोरोमिथेन याच घराण्यातले. जुन्या पुस्तकांत ब्रोमीनसाठी कार्बन टेट्राक्लोराइड हे द्रावक सांगितलेले असते. परंतु ते ओझोनच्या थराला आणि आपल्या यकृताला अपायकारक आहे. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर त्याचा तसा वापर टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आला.

दुसरी नळी: कोणालाही उठवावे लागत नाही

आता फुगडीकडे वळू. दोन मुली दोन्ही हात धरून फुगडी घालत आहेत. दोन मैत्रिणी आल्या. फुगडीतल्या मुलींनी एकेक हात सोडला, दुसरा धरूनच ठेवला, आणि मोकळ्या हातांनी एकेका मैत्रिणीला धरले. कोणी बाहेर गेले नाही. अल्कीन आणि हॅलोजन यांच्यात नेमके हेच होते.

इथीन + ब्रोमीन → १,२-डायब्रोमोइथेन

उजवीकडे एकच पदार्थ. आम्ल नाही, धूर नाही. प्रकाशाचीही गरज नाही. अंधाऱ्या खोलीतही ही अभिक्रिया होते.

प्रकाश का लागत नाही? कारण इथे ब्रोमीनचे दोन सारखे तुकडे करावे लागतच नाहीत. दुहेरी बंधाच्या वर-खाली पसरलेले इलेक्ट्रॉन जवळ आलेल्या ब्रोमीनच्या रेणूला विचलित करतात. त्याच्या एका टोकाला किंचित धन आणि दुसऱ्याला किंचित ऋण प्रभार येतो. धन टोकाचा ब्रोमीन त्या इलेक्ट्रॉनांशी जोडला जातो आणि दोन्ही कार्बनवर पूल टाकल्यासारखा बसतो. दुसरा ब्रोमीन ऋण आयन होऊन सुटतो. हा पूल म्हणजे ब्रोमोनियम आयन. ही कल्पना रॉबर्ट्स आणि किंबल यांनी १९३७ मध्ये मांडली. पुलाने एक बाजू अडवलेली असल्यामुळे सुटलेला ब्रोमाइड आयन मागच्या बाजूने येतो आणि एका कार्बनला चिकटतो. म्हणून दोन ब्रोमीन एकमेकांच्या विरुद्ध बाजूंनी जोडलेले आढळतात.

‘हे सगळे खरेच दोन पायऱ्यांत होते कशावरून?’ असे कोणी विचारील. त्याचा पुरावा साधा आहे. इथीन मिठाच्या पाण्यात मिसळलेल्या ब्रोमीनमधून सोडले, तर डायब्रोमोइथेनबरोबर १-ब्रोमो-२-क्लोरोइथेनही सापडते. दोन्ही ब्रोमीन एकाच वेळी बसत असते तर मिठातला क्लोराइड मध्ये घुसला कसा? पहिली पायरी झाली आणि दुसरी व्हायची होती, तेवढ्या अवधीत त्याने जागा साधली.

आम्ही पाण्यातले ब्रोमीन का टाळले, तेही यावरून समजेल. ब्रोमीनच्या पाण्यात सगळीकडे पाण्याचेच रेणू असतात. दुसऱ्या पायरीला बहुतेक वेळा पाणीच जागा पटकावते. मग इथीनपासून मुख्यतः २-ब्रोमोइथेनॉल तयार होते आणि सोबत हायड्रोजन ब्रोमाइडही. रंग जातोच, पण आम्लही होते. मग लिटमसने दोन्ही नळ्यांतला फरक कळणार कसा? म्हणून आम्ल वायूची परीक्षा करायची असेल तर द्रावण पाण्यातले नको.

सगळे हॅलोजन सारखे नाहीत

हॅलोजन कुटुंबात फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन आणि आयोडीन ही चार भावंडे आपल्या परिचयाची आहेत. स्वभाव मात्र चौघांचे चार. मिथेनचा हायड्रोजन सोडवायला दर मोलला सुमारे ४३९ किलोज्यूल खर्च होतो. त्याची भरपाई हायड्रोजन-हॅलोजन बंध तयार होताना होते. फ्लोरीनला सुमारे ५७० परत मिळतात, म्हणून तो अनावर होतो. अल्केन असो की अल्कीन, आवर घातला नाही तर भडकाच उडतो. क्लोरीनला ४३१ मिळतात, जवळजवळ बरोबरी होते आणि काम झपाट्याने चालते. ब्रोमीनला ३६६ मिळतात. तोटा ७०च्या वर, म्हणून तो सावकाश चालतो आणि उष्णता किंवा प्रकाश मागतो. आयोडीनला २९८च मिळतात. एवढ्या तोट्यात साखळी चालत नाही, आणि तयार होणारे हायड्रोजन आयोडाइड अभिक्रिया उलटी फिरवते. म्हणून अल्केनचे सरळ आयोडिनीकरण होत नाही असे आपण म्हणतो.

सावकाश चालणाऱ्याला निवड करायला सवड मिळते, हेही इथे दिसून येते. प्रोपेनमध्ये टोकाच्या कार्बनवर सहा आणि मधल्या कार्बनवर दोन हायड्रोजन असतात. क्लोरीन घाईत असतो. २५ अंश सेल्सिअसला त्याच्या अभिक्रियेत १-क्लोरोप्रोपेन ४५ टक्के आणि २-क्लोरोप्रोपेन ५५ टक्के मिळते. ब्रोमीन मात्र, जरा जास्त तापमानालासुद्धा, मधला सैल हायड्रोजनच निवडतो आणि ९७ टक्के २-ब्रोमोप्रोपेन देतो. एकच जिन्नस हवा असेल तेव्हा रसायनज्ञ ब्रोमीनकडे वळतात ते यासाठी.

अल्कीन नेहमी समावेशनच करते असेही समजू नका. प्रोपीन आणि क्लोरीन यांचे मिश्रण ५०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवले, तर दुहेरी बंध तसाच राहतो आणि शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन उठून तिथे क्लोरीन बसतो. एवढ्या उष्णतेत क्लोरीन फुटून मूलके होतात आणि खेळ बदलतो. पदार्थ कोणता याबरोबरच परिस्थिती कोणती, हेही पाहावे लागते. खिडकीच्या नळीने आम्हांला तेच दाखवले.

मेणबत्त्यांची हकिकत आणि डच तेल

प्रतियोजनाच्या शोधाची एक हकिकत सांगतात. पॅरिसमधील ट्युलरी राजवाड्यात एका समारंभात मेणबत्त्यांतून असा झोंबरा धूर निघाला की पाहुणे खोकून बेजार झाले. तपासाचे काम झाँ-बाप्तिस्त द्युमा या रसायनज्ञाकडे आले. मेण पांढरे शुभ्र करण्यासाठी क्लोरीन वापरलेला होता. तो नुसता मेणात मिसळून राहिला नव्हता, मेणातील हायड्रोजनची जागा घेऊन बसला होता. मेणबत्ती पेटल्यावर तो हायड्रोजन क्लोराइड होऊन बाहेर पडत होता. राजवाड्यातील प्रसंगाचे तपशील सांगोवांगीचे असतील, पण क्लोरीन हायड्रोजनची जागा घेतो हा नियम द्युमा यांनी १८३४ मध्ये मांडला, हे खरे.

समावेशनाची हकिकत त्याहून जुनी. १७९५ च्या सुमारास हॉलंडमधील चार रसायनज्ञांनी इथीन आणि क्लोरीन एकत्र आणले. दोन वायूंपासून एक तेलकट द्रव तयार झाला. लोक त्याला डच तेल म्हणू लागले. इथीनला ‘तेल करणारा वायू’ अशा अर्थाचे नाव पडले आणि त्यावरूनच अल्कीनना ‘ओलेफिन’ म्हणण्याची रीत आली. पेट्रोकेमिकल्समध्ये नोकरी केलेल्या आपल्या कित्येक पालकांना आणि आजोबांना हा शब्द चांगला माहीत असेल.

नळाच्या पाइपापासून तेलाच्या डब्यापर्यंत

डच तेल म्हणजेच १,२-डायक्लोरोइथेन. आज ते अजस्र प्रमाणावर बनवले जाते. ते तापवले की त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघून जातो आणि व्हिनाइल क्लोराइड उरते. व्हिनाइल क्लोराइडचे रेणू साखळीत गुंफले की पीव्हीसी. आपल्या गच्चीवरून उतरणारा पाण्याचा पाइप असा दुहेरी बंधाच्या दुसऱ्या पकडीतून आला आहे. आपल्या वडोदऱ्याजवळ १९६९ मध्ये इंडियन पेट्रोकेमिकल्स कॉर्पोरेशनची स्थापना झाली; २००७ मध्ये ती रिलायन्समध्ये विलीन झाली. अशा संकुलांत नाफ्था तोडून इथीन मिळवतात. अल्केनमधून अल्कीन कशासाठी काढायचे, असा प्रश्न मुलांना पडतो. उत्तर वर आलेच आहे. अल्केनला हॅलोजन लावले तर मिश्रण मिळते आणि आम्ल वेगळे काढावे लागते. अल्कीनला लावले तर हवा तो एकच पदार्थ मिळतो.

दुसरे उदाहरण स्वयंपाकघरातले. तेला-तुपाच्या रेणूंतही लांब कार्बन-साखळ्या असतात. काहींत दुहेरी बंध असतात, काहींत नसतात. १०० ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन सामावून घेते, त्या आकड्याला आयोडीन मूल्य म्हणतात. हुब्ल यांनी ही पद्धत १८८४ मध्ये दिली. नुसते आयोडीन आळशी असल्यामुळे प्रयोगशाळेत त्याऐवजी आयोडीन मोनोक्लोराइडसारखे चपळ संयुग वापरून हिशेब आयोडीनमध्ये मांडतात. खोबरेल तेलाचे मूल्य साधारण ७ ते १०, साजूक तुपाचे ३०च्या आसपास, शेंगदाणा तेलाचे ८५ ते १००, सूर्यफुलाच्या तेलाचे १२० ते १४० आणि जवसाच्या तेलाचे १७० ते २००. थंडीत खोबरेल गोठते आणि सूर्यफुलाचे तेल पातळच राहते, यामागे मोठा वाटा दुहेरी बंधांचा आहे. भरपूर दुहेरी बंध असलेले जवसाचे तेल हवेत सुकून पापुद्रा धरते, म्हणून ते तैलरंगांत वापरतात. मात्र आकडा मोठा म्हणजे तेल चांगले, असा अर्थ पालकांनी काढू नये. तो फक्त दुहेरी बंध मोजतो.

परीक्षेत आणि प्रयोगवहीत काय लिहावे

१. रंग गेला की नाही एवढेच लिहू नका. किती वेळात गेला आणि नळी कुठे होती, तेही लिहा.

२. अंधारात किंवा सावलीत रंग तत्काळ गेला, तर समावेशन. पदार्थ असंपृक्त असण्याची शक्यता.

३. प्रकाशात हळूहळू गेला आणि (पाणीविरहित द्रावणात) आम्ल वायू निघाला, तर प्रतियोजन.

४. एका परीक्षेवर विसंबू नका. पोटॅशियम परमँगनेटचे सौम्य अल्कधर्मी द्रावण घालून पाहा. अल्कीनमुळे त्याचा जांभळट-गुलाबी रंग जाऊन तपकिरी गाळ येतो. अल्केन उन्हातही तसे करीत नाही.

५. समीकरण लिहिताना उजवीकडे पदार्थ किती, ते मोजा. प्रतियोजनात दोन, समावेशनात एक.

एक कळकळीची सूचना. ब्रोमीन कातडी जाळते आणि त्याची वाफ फुप्फुसांना घातक आहे. हेक्झेन आणि हेक्झीन चटकन पेट घेतात. हे प्रयोग घरी मुळीच करू नयेत. शाळेतही चष्मा, हातमोजे आणि शिक्षक यांच्याशिवाय बाटलीला हात लावू नये. ब्रोमीन सांडलेच तर उपयोगी पडावे म्हणून सोडियम थायोसल्फेटचे द्रावण आम्ही आता टेबलावरच ठेवतो.

विश्वस्त मंडळींपाशी आमची एक विनंती आहे. प्रयोगशाळेत दूषित वायू बाहेर खेचून घेणारे काचेचे कपाट नाही. खिडकी उघडी ठेवूनच आम्ही काम भागवतो. नवीन वर्षाच्या अंदाजपत्रकात त्याचा विचार व्हावा. तोवर खिडक्यांना काळे पडदे तेवढे मिळाले, तरी हा प्रयोग दोन्ही प्रकारे, उजेडात आणि अंधारात, सगळ्या वर्गाला दाखवता येईल.

या वर्षीपासून अकरावीच्या प्रयोगपत्रिकेत आम्ही तिसरी नळी वाढवली आहे: काळ्या कागदातली. आणि अनुमानाचे छापील वाक्य काढून तिथे चार कोऱ्या ओळी ठेवल्या आहेत. ज्या मुलीमुळे हे झाले, तिने आपले नाव छापू नये असे सांगितले आहे, म्हणून ते देत नाही. तिची वही मात्र, आमच्या तांबड्या रेघेसकट, तिच्या परवानगीने प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवली आहे. पुढच्या पालक सभेला आलात तर जरूर पाहा.

— विज्ञान विभाग